फौजीनं उचललेला कॅन

दिनकर गेल्याची बातमी आली तेव्हा माझा दुधाचा कॅन दुसऱ्याच्या हातात होता. सकाळचे पावणेसात झाले असतील. गावच्या डेअरीसमोर नेहमीची रांग होती आणि डेअरीतला बबन माझा कॅन काट्याशी नेऊन दूध ओतत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खांद्याशी फोन धरून त्यानं ऐकलं, फॅट काढायचं मशीन बंद केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, फौजी गेलं." रांगेतल्या दोघातिघांनी टोप्या काढल्या. मी रिकामा कॅन उचलायला वाकलो, तर मागचा माणूस चटकन पुढं झाला. "राहू द्या मास्तर, तुमाला चालत न्हाई. फौजींनी सांगून ठेवलंय." त्या वेळी मला रडू यायला हवं होतं, पण आली ती लाज. आज सात आठवडे झाले, ती काही गेलेली नाही. हा लेख मित्राची आठवण म्हणून लिहायला घेतला असला, तरी तो मी त्या लाजेपायी लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

दिनकर आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. फलटणपासून आठ-दहा मैलांवर आमचं गाव. सगळं उसाचं रान, आणि दर चार घरांमागं एक माणूस सैन्यात. दिनू अठराव्या वर्षी भरती झाला, मी शिकून हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक झालो. माझी पहिली नेमणूक लोणंदकडची. मी रुजू व्हायला निघालो तेव्हा तो सुट्टीवर आला होता. माझ्या लोखंडी ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. ती ट्रंक त्यानं लोणंदच्या स्टेशनावरून माझ्या खोलीपर्यंत डोक्यावरून नेली. मी मागून पंखा आणि तांब्या घेऊन चालत होतो. वाटेत एकानं विचारलं, "नवीन मास्तर कोण?" तर हा ट्रंकेखालून म्हणाला, "मागनं येतोय त्यो. मी त्येचा हमाल." पुढं आयुष्यभर हेच. जड असेल ते दिनू उचलणार आणि वर मला टोमणा मारणार, "मास्तर, तू आपला खडू उचल." हवालदार होऊन तो निवृत्त झाला, गावी येऊन ऊस करू लागला. त्याच्या उसाच्या सऱ्या दोरी लावून मारलेल्या असत आणि घरी असला तरी शर्टाला इस्त्री असे. बैल जागचा हलला की त्याला "सावधान" म्हणायचा. बैल ऐकायचाही, किंवा आम्हाला तसं वाटायचं.

मी निवृत्त झाल्यावर दोन गाई घेतल्या. पंधरा लिटरचा एक कॅन सकाळी डेअरीला न्यायचा आणि येताना पेपर वाचायचा, असा दिवस सुरू व्हायचा. साठी ओलांडली आणि मला लघवीचा त्रास सुरू झाला. जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटायचं. उभं राहिलं की धार लवकर सुरू व्हायची नाही, झाली तर तुटत तुटत. रात्री चार-पाच वेळा उठणं होई. मी विज्ञान शिकवलेला माणूस, पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, हा शब्द मला परीक्षेपुरता पाठ होता. पण खरं सांगायचं तर शरीराचा तो धडा मी तीस वर्षांत एकदाही वर्गात नीट शिकवला नाही. फळ्यावर मथळा लिहायचा, मुलं खाली बघून हसायला लागायची, मग मी म्हणायचो, "हा धडा घरी वाचा, परीक्षेला येत नाही." दोनदा तो परीक्षेला आला होता. मुलांना घरी वाचा म्हणून सांगितलेला धडा शेवटी माझ्याच घरी येऊन बसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, मी तर तेही कधी सांगितलं नव्हतं.

वर्षभर मी अंगावर काढलं. एका दुपारी लघवी पूर्ण अडली, ओटीपोट दगडासारखं झालं, तेव्हा कुठं निघालो. साताऱ्याला जायचं नाही, तिथं निम्मं गाव भेटतं. म्हणून सांगलीला. माझी धाकटी बहीण माधवनगरला असते, तिच्याकडे चाललोय असं सांगून सुटलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, रक्ताची तपासणी केली, सोनोग्राफी केली आणि कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, लघवीची नळी तिच्यामधून जाते. वय झालं की ती बहुतेक पुरुषांची वाढते आणि नळी आवळते. माझं तेवढंच होतं, कॅन्सर नव्हता. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. घरी सोडताना ते म्हणाले, "सहा आठवडे जड उचलू नका. आणि एक काम करा. तुम्ही शिक्षक आहात, तुमचं लोक ऐकतील. ग्रंथी वाढणं वेगळं आणि तिचा कॅन्सर वेगळा, पण बाहेरून दोन्ही सारखेच वाटू शकतात, आणि कॅन्सर तर सुरुवातीला बऱ्याचदा काहीच कळू देत नाही. गावात पन्नाशीपुढच्यांना सांगा, डॉक्टरशी एकदा बोला म्हणावं. घरात वडिलांना, भावाला झाला असेल तर आणखी आधी. त्रास आहे म्हणजे कॅन्सरच असं घाबरायचं नाही, आणि वयाचं आहे म्हणून घरीही बसायचं नाही." मी मान डोलावली. चांगल्या विद्यार्थ्यासारखी डोलावली.

गावात काय सांगायचं, ते मी आणि बायकोनं आधीच ठरवलं होतं. हर्निया. आमच्याकडे हर्निया हा इज्जतदार आजार आहे. वजन उचललं, कष्ट केले, म्हणून झाला असं लोक मानतात. लघवीच्या जागेचं ऑपरेशन म्हटलं की चावडीवर डोळे मिचकावले जातात, मास्तर आता कामातून गेले असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे हसतात. बायको म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मला ते पटलं. पटायला काही वेळही लागला नाही.

माझ्या बायकोकडून ऑपरेशन झालं एवढंच कळलं, तसा दुसऱ्या दिवशी दिनू सांगलीला आला. कुणी बोलावलं नव्हतं. फलटणहून एसटीनं, दहिवडी, विटा करत. माझ्या अंगाला लघवीची नळी होती आणि तिची पिशवी कॉटच्या डाव्या बाजूला टांगलेली, लालसर पाण्यानं अर्धी भरलेली. त्याचा आवाज बोळातूनच ऐकू आला, तशी बहिणीनं पिशवीवर टॉवेल टाकला. तो नेमका डाव्या बाजूला बसायला आला. मी म्हणालो, "तिकडं नको, इकडं बस."

"का रं? तिकडं काय खजिना पुरलाय?" असं म्हणत तो उजवीकडे बसला आणि त्यानं उशीर का झाला ते सांगायला सुरुवात केली. "विट्याच्या स्टँडवर उतरलो. कंडक्टरला म्हनलं, दोन मिंटं थांब, आलोच. तर हितं धारच सुरू व्हईना गड्या. उभा आपला देवाचं नाव घेत. मागं आलो तर गाडी गेली बी. पिशवी गाडीत आन मी मुतारीत." बहीण हसली, शेजारच्या कॉटवरचा पेशंट हसला. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, दिलेल्या धपाट्यांची ती पिशवी त्यानं सांगलीच्या स्टँडवर चौकशी करून मिळवली होती. ती त्यानं माझ्या उशाशी ठेवली.

मी हसलो नाही. धारच सुरू होईना... हेच शब्द मी दोन दिवसांपूर्वी डॉक्टरांपुढं मान खाली घालून बोललो होतो. टॉवेल बाजूला करून मी एवढंच म्हणायला हवं होतं, दिनू, हे बघ, माझंही तेच झालंय, डॉक्टर खालच्याच मजल्यावर आहेत, चल. पाच मिनिटांचं काम होतं. त्यानं विचारलं, "कशाचं फाडलं रं तुला?" मी म्हणालो, "हर्नियाचं."

मी गावी परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तो गोठ्यात हजर. कॅनला हात लावायला जाणाऱ्या माझ्या बायकोलाही त्यानं थांबवलं. "वहिनी, ह्येला जलमभर वजन उचलू द्यायचं न्हाई. आमच्या पलटनीत एकाचं टाकं उसवल्यालं मी बघितलंय." रोज साडेसहाला तो यायचा, कॅन मोटारसायकलीला लावायचा, मला मागं बसवायचा, डेअरीत कॅन काट्यापर्यंत न्यायचा. कॅनची कडी बोटांना रुतते म्हणून त्यानं आपल्या जुन्या हिरव्या लष्करी बनियनची पट्टी फाडून तिच्यावर घट्ट गुंडाळली. डेअरीत सगळ्यांना ताकीद दिली, "मी नसलो तर मास्तरचा कॅन तुमी उचलायचा. त्येला हर्निया झालाय." सहा आठवडे संपले. सात संपले. मी काय म्हणणार होतो? खोटं एकदा बोललं की ते रोज सकाळी साडेसहाला दारात येऊन उभं राहतं, आणि तेही इस्त्रीचा शर्ट घालून. दीड वर्ष त्यानं माझा कॅन उचलला.

त्या दीड वर्षात मी काय काय पाहिलं, ते लिहायला हात जड होतो, पण लिहितो. डेअरीपर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये तो एकदा गाडी थांबवायचा. पुढं दोनदा थांबवू लागला. बाभळीच्या आडोशाला बराच वेळ उभा राहायचा. मी गाडीवर बसून दुसरीकडे बघायचो. "म्हातारपन आलं मास्तर," तो म्हणायचा, "रातच्याला तर पुन्यांदा सेंट्री ड्यूटी लागलीया." वहिनी त्याला धन्याचं पाणी द्यायच्या, सब्जा द्यायच्या, उष्णता झालीय म्हणायच्या. मीही म्हणायचो, "ताक पी." ज्याला सगळं ठाऊक, तो माणूस ताक पी म्हणत होता! सांगावंसं वाटलं नाही असं नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं. एकदा म्हणालोसुद्धा, "दिनू, एकदा दाखवून ये की." तो माजी सैनिक. साताऱ्याला त्यांच्या दवाखान्यात तो ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला जायचाच, तपासणीही तिथं फुकट झाली असती. तर म्हणाला, "तितं बाई डॉक्टर हाय. बाईमानसाला असलं काय सांगायचं? आन तुला काय म्हायती रं त्यातलं?" मला काय माहीत... मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं त्याच्या लाजेपेक्षा वाईट होतं. त्याला निदान ठाऊक नव्हतं.

मग त्याची पाठ दुखायला लागली. कमरेच्या वर, मणक्यात, ठणका लागायचा. बसलं तरी, निजलं तरी. आणि इथं माझ्या खोट्यानं खरा दावा साधला. कारण सगळ्यांनी, त्यानं, वहिनींनी आणि मीसुद्धा, एकच कारण धरलं. रोज कॅन उचलून पाठ भरली. वहिनी मला बोलल्या नाहीत, पण त्यांची नजर बोलायची. मी म्हणालो, "दिनू, माझ्यापायी झालं हे, आता बास." तर म्हणतो, "तुझा कॅन काय वजनाचा हाय व्हय? बर्फात पाठीवर वीस-वीस किलोची पिट्टू वागवल्यात आमी." तेल लावून झालं, शेक झाला, पाठीला पट्टा आला. हाडं बसवणाऱ्या एकाकडे तीन वाऱ्या झाल्या. चार महिने आम्ही पाठीला पाठ समजून बसलो. लघवी आणि पाठ यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या स्वप्नात यायला हवं होतं.

एका सकाळी डेअरीच्या पायरीवर कॅन हातात असताना त्याचा पाय लुळा पडला. कॅन त्यानं सांडू दिला नाही. आधी खाली टेकवला आणि मग स्वतः बसला. "पाय झोपला वाटतं," म्हणाला. त्याच दिवशी साताऱ्याला नेलं. मीही बरोबर होतो. मणक्याचे फोटो काढले, आणि फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, "लघवीचा त्रास किती दिवस आहे?" दिनू त्यांच्यावर वैतागला. "आवं सायब, ती वयाची हाय. तुमी पाठीचं बोला." डॉक्टर म्हणाले, "मी पाठीचंच बोलतोय." रक्ताची ती एक तपासणी केली, मला सांगलीत केली होती तीच. आकडा फार वर गेला होता. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. बाहेर बोळात मी डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं, दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर? ते जाणते होते, म्हणाले, "नक्की काही सांगता येत नाही. पण तेव्हा आपल्या हातात खूप काही असतं. आत्ता फार थोडं आहे." मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हणालो, "मित्र." तो शब्द उच्चारताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

इंजेक्शनं सुरू झाली, पाठीला किरणांचा शेक दिला. काही महिने बरे गेले. तो काठी घेऊन अंगणात फिरायचा, उसाच्या तोडीची वार्ता विचारायचा. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. बोलण्यासारखं एकच होतं आणि ते मी सोडून बाकी सगळं बोलायचो. पुढं तो अंथरुणालाच खिळला. त्यालाही नळी बसली, पिशवी आली. त्यानं ती कधी झाकली नाही. आल्या-गेल्याला म्हणायचा, "ह्यो बघा माझा कॅन." शेवटच्या भेटीत त्याचा आवाज फार खोल गेला होता. मी त्याचा हात धरून बसलो होतो, वहिनी पाणी आणायला आत गेल्या होत्या. मी मनाचा हिय्या केला. म्हणालो, "दिनू, माझं ते हर्नियाचं..."

त्यानं डोळे उघडले. "दुखतंय व्हय अजून?"

मी म्हणालो, "नाही."

"मग कॅन कोन उचलतंय?"

"बबन."

"हां," म्हणाला आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात मी वहिनींकडे गेलो. दुपारची वेळ होती. त्या पडवीत बसून दिनूचा पाठीचा पट्टा घडी करून पिशवीत घालत होत्या. कुणा गरजूला द्यायचा होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सांगलीची पिशवी, टॉवेल, विट्याच्या स्टँडची गोष्ट ऐकून मी काय ओळखलं होतं, सगळं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. हातातला पट्टा मात्र त्यांनी पुन्हा उलगडला होता. मग म्हणाल्या, "भावजी, तुमी सांगितलं असतं तर त्येंनी चार दिस तुमची थट्टा केली असती. लय केली असती. आन पाचव्या दिशी सोताहून गेले असते तपासायला. तुमी गेलता म्हनून गेले असते." मी खाली बसलो. त्यांनी चहा केला. मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मी माफी मागितलीही नाही. निघताना दारापर्यंत आल्या. "माझा भाऊ बासष्टचा हाय. त्यो बी रातचा सारखा उठतो म्हनं. मी बाईमानूस, मला न्हाई सांगता येत. त्येला तुमी सांगा."

मी गेलो. त्यांच्या भावाला त्याच्या शेताच्या बांधावर गाठलं आणि माझ्या ऑपरेशनपासून सुरुवात केली. तो आधी हसला, मग इकडेतिकडे कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, आणि मग हळूच म्हणाला, "मास्तर, त्ये मागनं बोटानं तपासत्यात त्ये लय दुखतं का वो?" मी म्हणालो, दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं, आणि तेही मिनिटभर. लघवीत रक्त दिसतंय का, पाठीत-कमरेत ठणका आहे का, तेही विचारलं. तो पुढच्या सोमवारी गेला. त्याची ग्रंथी नुसती वाढलेली निघाली, गोळ्या चालू आहेत. माझा तो धडा असा शिकवून झाला, तीस वर्षं उशिरा, एकाच विद्यार्थ्याला. मनाला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. उलट, हे इतकं सोपं होतं हे कळून जास्तच लागलं.

डेअरीत मात्र मी अजून कुणाला काही बोललेलो नाही. रोज सकाळी कुणीतरी पुढं होतं, माझ्या हातातून कॅन घेतं आणि काट्याशी नेतं. फौजींनी सांगून ठेवलंय म्हणतं. गेलेल्या माणसाचा शब्द ते पाळतात, आणि माझं खोटंही त्याबरोबर रोज उचललं जातं. कडीवरची हिरवी पट्टी आता काळपट झालीय, दुधानं चिकट झालीय. बायको म्हणाली बदलू या, मी हात लावू दिला नाही. आमच्या डेअरीच्या बाकावर रविवारचा अंक सहाच्या सुमाराला येतो. बबन आधी पुरवणी उघडतो आणि ज्यांना चष्मा नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. हा लेख त्यात आला की हाही वाचून दाखवील. डोळे मिचकावायचे त्यांनी मिचकावावेत, माझी हरकत नाही. मी नेहमीच्या वेळेला येईन, आणि कुणी पुढं आलं तर राहू द्या म्हणेन. सहा आठवड्यांनंतर तो कॅन मला एक दिवसही जड नव्हता, दिनू.